गाईची रबर मॅट घोडीच्या पागेत: एक अख्खा पावसाळा वापरून

आमच्याकडे एकच घोडी आहे, मैना. अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी आमचे हे चालवतात. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंतच्या फेऱ्या, एरवी वाळूवरच. पागा मात्र माझी. लीद काढणं, खरारा, चंदी भिजवणं, खूर साफ करणं, अकरा वर्षं झाली हे मीच करते.

घेतली ती गाईम्हशींच्या गोठ्यात घालतात तीच काळी रबरी मॅट. साडेसहा बाय चार फूट, 17 मिलिमीटर जाड. चार नग, टेम्पोभाडं धरून 10,200 रुपये. गेल्या वर्षी मे महिन्यात घातल्या.

पागेची जमीन जांभ्याची, मामंजींच्या वेळची. जांभा पाणी पितो, तसा मूतही पितो. घोडं दिवसाला सात-आठ लिटर सहज मुततं, आणि पावसाळ्यात गाड्या बंद असल्यामुळे ते सगळं पागेतच. वरून धुतलं तरी चिऱ्याच्या आत मुरलेलं तसंच राहायचं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मैनाला खोकला लागला. त्याच आठवड्यात मागच्या उजव्या खुराच्या तळाला, टाचेकडे तो मऊ त्रिकोण असतो ना, तिथून काळा चिकट स्राव यायला लागला. वास असा की हात तीनदा धुतला तरी जाईना. डॉक्टर आले, त्यांनी आधी मलाच पागेत खाली बसायला लावलं. म्हणाले, “ती बसते तेव्हा तिचं नाक जिथं येतं, तिथं श्वास घ्या.” डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. मूत कुजून त्याचा अमोनिया होतो, तो तिच्या छातीत जात होता, आणि त्याच ओलीत खूर कुजत होता. उभ्यानं झाडताना मला कधी एवढं जाणवलंच नव्हतं. त्याचं वाईट अजून वाटतं.

मॅट घालण्याआधी जमीन पुन्हा करून घेतली, आणि माझ्या मते अर्धं यश त्यातच आहे. वर कोबा, आणि तेरा फुटांत तीन इंच उतार. पागा नऊ बाय तेरा, त्यामुळे चार मॅट बसून भिंतीकडे एक फूट उरलं, तिथे उथळ चर काढून बाहेर सोडली. उतार नसेल तर मॅट घेऊच नका, खाली डबकं होईल.

दुकानात सांगितलं होतं, “मॅट घातली की बिछाना लागत नाही.” हे साफ चुकीचं आहे. रबर मूत शोषत नाही. उघड्या मॅटवर ते पसरतं आणि जनावर त्यातच बसतं. वर कोरडा बिछाना हवाच, फक्त कमी लागतो. मी पूर्वी आठवड्याला पाच गोणी वापरायचे, आता दोन. भाताचा पेंढा पावसाळ्यात बुरशी धरतो आणि मैना तो खातेही, म्हणून तो बंद केला. वखारीतून रंध्याची जाड सालपटं आणते, बारीक भुसा नाही, त्याची धूळ छातीला वाईट. पावसात कोरडी सालपटं मिळत नाहीत, म्हणून आगोटीच्या सामानात मिरची-मसाल्याबरोबर माझ्या तीस गोणीही असतात. माळ्यावर टाकते.

दुसरी अडचण सांध्यांची. दोन मॅटच्या मधून मूत खाली उतरतंच. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आणि पावसाळ्यात दर रविवारी मी मॅट उचलून खालचं धुते, कोरडं होऊ देते, मग परत घालते. एकट्या माणसाला ती उचलत नाही, मुलगा दुसरं टोक धरतो. जुलैत एक रविवार चुकला, तर खाली हिरवं शेवाळ धरलं होतं आणि मॅट पायाखाली सरकत होती. घोडी घसरली असती तर? तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही.

वरच्या नक्षीत लीद अडकते, त्यासाठी नारळाच्या हिरांचा खराटा बरा, प्लॅस्टिकचा झाडू उपयोगाचा नाही. लीद सकाळ-संध्याकाळ काढून वाडीच्या टोकाला खड्ड्यात टाकते, पागेजवळ ढीग ठेवत नाही. उकाड्यात माशीच्या अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

खुराचं सांगायचं तर मॅटनं औषध होत नाही. किनाऱ्यावरून आली की गोड्या पाण्यानं पाय धुणं, फडक्यानं कोरडे करणं, रोज खूर कोरून बघणं आणि नालबंद वेळेवर बोलावणं, हे सगळं चालूच आहे. पण या पावसाळ्यात स्राव आला नाही, आणि खोकलाही नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अजून खाली बसून वास घेते. परवाही घेतला, ओल्या लाकडाचा आला.

आणखी एक, जे मी मॅट घेताना मनातही धरलं नव्हतं. घोडं उभ्यानं डुलकी काढतं, पण गाढ झोपायला त्याला आडवं व्हावं लागतं. मैना जांभ्यावर क्वचितच आडवी व्हायची, कोपराला घट्टे पडले होते. आता पहाटे चारला दूध तापवायला उठते तेव्हा खिडकीतून दिसते, पाय पसरून, मान टाकून झोपलेली. घट्ट्यांवर केस यायला लागलेत.