वाफेचं यंत्र, सोड्याचं गरम पाणी की ॲसिड? घर साफ करायला काय घ्यावं

नवरात्र आटोपलं की पोटमाळा साफ करायची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास मैत्रिणींचा ठरलेला फोन येतो, "अगं, तो स्टीम क्लीनर घेऊ का? खरंच काही निघतं त्याने?" मी गेली तीन वर्षं वापरतेय. आधी हातात धरायचा छोटा होता, आता टाकी जमिनीवर ठेवून लांब नळीने चालवायचा आहे. हो-नाही म्हणण्याआधी मी एवढंच विचारते, तुझ्या घरात जास्त त्रास कशाचा आहे? चिकट थराचा, पांढऱ्या डागांचा, की ढेकणांचा? पैसे घालायचे की नाही ते त्यावर ठरतं.

चिकट थर असेल तर मी लगेच हो म्हणते. रोजच्या फोडण्या आणि तळणीचा धूर शेगडीमागच्या टाइल्सवर बसतो, त्यावर धूळ चिकटते. टाइल पुसून निघते, पण दोन टाइल्समधलं व्हाइट सिमेंट खडबडीत असतं आणि ते तेल पीत राहतं. आमच्या ओट्यामागच्या त्या रेघा मूळच्याच तपकिरी आहेत असं मी कित्येक दिवस समजत होते. पहिल्यांदा छोटा गोल ब्रश लावून वाफ सोडली तेव्हा रेघेतून आधी पिवळा, मग काळपट ओघळ उतरला आणि खाली कडप्प्यावर त्याचं डबकं झालं. ब्रश जिथवर पोचला होता तिथवर रेघ पांढरी, त्यापुढे तपकिरी. तो ओघळ लगेच टिपावा लागतो, नाहीतर गार होऊन खालच्या टाइलला पुन्हा चिकटतो. म्हणून एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात सुती फडकं हवंच.

हेच काम उकळत्या पाण्याने का होत नाही? उभ्या भिंतीवर पाणी ठरत नाही, हे एक. दुसरं म्हणजे वाफेतली उष्णता. एक ग्रॅम उकळतं पाणी १०० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना ६० कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ गार पृष्ठभागावर आपटून तिचं नुसतं पाणी झालं तरी ५४० कॅलरी बाहेर पडतात. त्यामुळे पेलाभर पाण्यात भिंतीचा बराच भाग होतो आणि स्वयंपाकघरात चिखल होत नाही. मात्र हा जोर फक्त तोंडाशी असतो. वाफ बाहेर पडताच हवेत निवते, वीतभर अंतरावरून मारली तर भिंत नुसती ओली होते. तोंड जवळजवळ टेकवूनच चालवायचं.

पण जुनाट थर वाफेलाही दाद देत नाही. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर वर्षभर साचलेलं तेल उष्णतेने आणि हवेने वार्निशसारखं कडक झालेलं असतं. ते वितळत नाही. तिथे धुण्याचा सोडाच लागतो. पाती काढा, बादलीभर कडकडीत पाण्यात दोन-तीन मुठी सोडा टाका, अर्धा तास बुडवून ठेवा आणि हातमोजे घालून घासा. फक्त चिमणीची जाळी ॲल्युमिनिअमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरतं. मी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय की जे सुटं करून बादलीत बुडवता येतं त्याला सोडा आणि जे भिंतीला, ओट्याला कायमचं बसवलेलं आहे त्याला वाफ. तुमच्या घरात बुडवण्याजोगंच जास्त असेल, तर काही रुपयांच्या सोड्यात काम होतंय, यंत्र घेऊ नका.

आता पांढरे डाग. नळांवर, शॉवरच्या काचेवर, बादलीच्या कडेला जो खरखरीत थर बसतो तो पाण्यातला क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तो बसणारच. वाफ त्याला काहीही करू शकत नाही. मुळात पाणी तापल्यावरच हा क्षार खाली बसतो, मग उष्णतेने तो जाईल कसा? तिथे आंबट लागतं. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून त्यात फडकं भिजवायचं आणि वीस मिनिटं नळाला गुंडाळून ठेवायचं. बाथरूम चकाचक होईल म्हणून कोणी स्टीम क्लीनर घेणार असेल, तर मी आवर्जून थांबवते. टाइल्सच्या सांध्यातली काळी बुरशी आणि साबणाचा मेणचट थर निघतो, क्षार राहतो.

आणि इथेच ॲसिडबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडे बाथरूमचं ॲसिड फरशीवरही सर्रास ओततात. माझ्या माहेरी, सोलापूरला, सगळ्या घरात शहाबादी आहे. दर दिवाळीला आई अंगणात आणि मोरीत ॲसिड टाकायची. फसफसून फेस यायचा आणि आम्हाला वाटायचं मळ निघतोय. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कडप्पा, कोटा हेही चुनखडीचेच, आणि मोझॅकमध्ये संगमरवराची खडी असते. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो तो दगड विरघळल्याचा असतो. मोरीतली फरशी अशी खरखरीत झाली होती की पायाला टोचायची आणि खरखरीत झाल्यामुळे मळ आणखी धरायची. मग पुढच्या वर्षी आणखी ॲसिड. शिवाय त्या वाफाऱ्याने आईला दोन दिवस खोकला. आता तिथे मी साबणाचं पाणी, काथ्याचा ब्रश आणि वाफ एवढंच वापरते. ॲसिडसारखी झटक्यात पांढरी दिसत नाही, पण फरशी झिजायची थांबली. अशा फरशीच्या घरात वाफेचं यंत्र घ्यायला हेच कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. पॉलिश किंवा मेण चढवलेल्या फरशीवर मात्र वाफ नको, ते उतरतं.

ॲसिड वापरणारच असाल तर एक कळकळीची विनंती. संडासाच्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच एका जागी, एकामागोमाग कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

ढेकणांसाठी वाफ चांगली, पण घाई केली तर व्यर्थ. ५० अंशांच्या वर ढेकूण मरतात, अंड्यांना थोडी जास्त उष्णता लागते. ती गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात आतपर्यंत पोचवायची तर फूटभर शिवण पार करायला अर्धा मिनिट द्यावा लागतो. बारीक तोंडाने जोरात वाफ मारली तर ढेकूण उडून दुसरीकडे जातात. म्हणून रुंद तोंडाला फडकं गुंडाळायचं आणि दाब कमी ठेवायचा. नंतर गादी उन्हात पूर्ण वाळली पाहिजे. ऑक्टोबरच्या कडक उन्हात हे एका दिवसात होतं, पावसाळ्यात मुळीच करू नका, ढेकूण जाऊन बुरशी येईल. वाफेचा परिणाम मागे उरत नाही, त्यामुळे सुटलेल्या अंड्यांसाठी दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. भिंतीच्या भेगांत, स्विचबोर्डामागे ढेकूण शिरले असतील तर पेस्ट कंट्रोललाच बोलवा. स्विचबोर्डावर वाफ मारायची नसतेच.

फरशी पुसायचा स्टीम मॉप मला आपल्या घरांसाठी पटला नाही. आपल्याकडे रोज केर काढून फरशी पुसली जाते, तिच्यावर मळ साचलेलाच नसतो. मॉपचं फडकं दोन खोल्यांत काळं होतं आणि मग तोच मळ पसरतो. लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीवर तर तो नकोच, कडा फुगतात. सनमायका लावलेल्या कपाटांच्या कडांनाही हेच लागू, आतला डिंक सुटतो.

घ्यायचंच ठरलं तर छोटा की मोठा? छोटा साधारण हजार वॅटचा, पाव लिटरच्या आसपास पाणी. तीन-चार मिनिटांत तापतो, दहा मिनिटांत संपतो. मग थांबा, गार होऊ द्या, भरा, पुन्हा तापवा. शेगडीमागची भिंत, फ्रिजच्या दाराचं रबर, खिडकीची खाच एवढ्यासाठी तो ठीक, आणि दोन-चार हजारांत मिळतो. पण पाण्यासकट तो हातातच तोलायचा असतो. माझ्या मनगटाला अर्ध्या तासात रग लागायची. मोठ्यात लिटरभर पाणी, ३ ते ४ बार दाब, आणि हातात फक्त नळी. किंमत दहा हजारांच्या आगेमागे किंवा वर. पूर्ण स्वयंपाकघर एका दमात होतं. मात्र तो १५०० वॅट किंवा जास्त खातो, त्याला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो. जुन्या घरात तो बहुधा गीझरपाशी किंवा फ्रिजपाशी एखादाच असतो. विकत घेण्याआधी तिथून ओट्यापर्यंत अंतर मोजा. साध्या एक्स्टेन्शनवर चालवू नका, वायर तापते. विजेच्या बिलाची काळजी नको, चाळीस मिनिटं चालवलं तर साधारण एक युनिट.

मोठ्यातही दोन प्रकार येतात. एकात टाकी बंद असते, पाणी संपलं की दाब पूर्ण उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. दुसऱ्यात पाण्याची टाकी वेगळी काढता येते, मध्येच भरता येते. जास्त पैसे द्यायची तयारी असेल तर दुसरा घ्या. घाईत गरम झाकण फिरवायचा मोहच होत नाही.

हा धोका खरा आहे. जी उष्णता तेल सोडवते तीच कातडीही भाजते, आणि वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा खोल असतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी आधी दोनदा माझ्याबरोबर उभं करून दाखवलं, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालायला दिलं आणि मगच यंत्र हातात दिलं. मुलं आसपास असताना मी ते काढतच नाही.

टाकीत साधं पाणीच घाला. सोडा, फिनाईल, सुगंध काही नको. पाणी क्षाराचं असेल तर आरओचं घाला, नाहीतर नळावर जो थर बसतो तोच आत बसतो आणि वाफेचा जोर कमी होत जातो. माझा पहिला छोटा असाच दीड वर्षात बंद पडला. आता काम झालं की यंत्र गार होऊ देते, उरलेलं पाणी ओतून टाकते आणि रात्रभर झाकण उघडं ठेवून मगच वर ठेवते.