बिल 16 ब्रासचं, कच तीन ट्रॉल्या

वेदगंगेवरच्या मोटारीपासून आमच्या वरच्या मळ्यापर्यंत 900 फूट पाईपलाईन टाकायची होती. निपाणी भागातल्या काळ्या रानात असल्या लाईनी गावोगाव आहेत. पाईप मी स्वतः दुकानातून आणले, 160 मिमीचे पीव्हीसी, आयएसआयचा शिक्का बघून. पाईपात फसलो नाही, मातीत फसलो.

कंत्राटदाराशी बोली अशी ठरली: चर दीड फूट रुंद, तीन फूट खोल. पाईपखाली 4 इंच क्रशरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, दोन्ही कुशीत हातानं चोपून कच, पाईपवर अजून 6 इंच, मग माती. कच 16 ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), ब्रासला 4,000, म्हणजे नुसत्या कचेचे 64,000 रुपये.

कंत्राटदार म्हणाला, "मामा, तुम्ही जेवून या जावा, तोवर चर बुजलेला असतोय बघा."

जेवून आलो तर खरंच बुजलेला! वर मला त्याचं कौतुक वाटलं. मोटारीजवळ आणि वरच्या व्हॉल्वजवळ चार-चार फूट उघडं ठेवलं होतं. तिथं कच अशी चोपलेली, की बघत राहावं. पाणी सोडून जॉइंट तपासेपर्यंत ते उघडे ठेवायचे असतात, हे कुठं ठाऊक होतं? पैसे त्याच संध्याकाळी चुकते केले. पावती वहीच्या कागदावर, सहीसुद्धा धड नाही.

मार्चात उसाला पाणी सोडलं आणि एक जॉइंट सुटला. बांधला. आठवड्यात दुसरा. भाचा बेळगावात सिव्हिल डिप्लोमाला आहे. तो सुट्टीला आला तेव्हा दोघांनी मधोमध उकरलं. कचेचा कण नाही. पाईपखाली नारळाएवढा धोंडा, आणि बाजूला जेसीबीच्या बकेटनं ओतलेली ढेकळं. पाईपच्या कुशीत माझा अख्खा पंजा आत गेला. भाच्यानं टेप लावला: उभा 142 मिमी, आडवा 176.

"मामा, पाईपचं अंडं झालंय."

मग त्यानं समजावलं. सिमेंटचा पाईप ओझं आपल्या अंगावर पेलतो, पीव्हीसी वाकतो. वरून दाब आला की तो दोन्ही कुशींना फुगतो, आणि तिथली भर घट्ट असेल तरच थोपतो. अमेरिकेतल्या आयोवाच्या स्पँगलर नावाच्या इंजिनिअरनं 1941 सालीच याचं सूत्र मांडलंय, परीक्षेला येतं म्हणे. साधारण 5 टक्क्यांपलीकडं पाईप चपटा होऊ देत नाहीत. आमचा 11 टक्के झालेला. त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि ढेकळांवर टेकलेला पाईप तिच्याबरोबर हलत राहतो.

चीड आली ती हिशेबाची. रुंदी दीड फूट, भराव सोळा इंच (खाली 4, पाईपच्या उंचीचे 6, वर 6), म्हणजे फुटाला दोन घनफूट. त्यातून पाईपची जागा वजा करा, 900 नं गुणा, शंभरनं भागा: 16 ब्रास. आमच्याकडं ट्रॉलीत एक ब्रास येतो. म्हणजे 16 खेपा हव्या होत्या. वाटेवरच्या दुकानदाराला विचारलं तर त्या दिवशी ट्रॉल्या आल्या तीन.

कंत्राटदाराला फोन केला. "मामा, तुमच्या रानाची मातीच वाईट, मी काय करणार?"

आता फावड्यानं उकरतोय. जेसीबी लावला तर उरलेला पाईपही जाईल. दोनशे फूट झालंय. परवा खालच्या बांधावर त्याच माणसाचा जेसीबी उभा दिसला. शेजाऱ्याला हाक मारली, दोघं चिंचेखाली बसलो आणि ट्रॉल्या मोजल्या. दुपारच्या जेवणापर्यंत दोन.