झॅन्थी की इयान्थी?

मेलबर्नहून मावसबहिणीचा मेसेज आला, "झॅन्थी की इयान्थी? लवकर सांग." ती डोंबिवलीची, नवरा ग्रीक वंशाचा. मुलीचं नाव ग्रीक ठेवायचं यावर दोघांचं एकमत आहे. सोफिया, झोई, हेलेना ही नावं वर्गात चार-चार निघतील म्हणून आधीच बाद झाली, आणि शेवटी ही दोन उरली. कानाला दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचं यमक जुळतं एवढंच, शब्द म्हणून रक्ताचं नातं काही नाही.

इयान्थी हे दोन शब्द जोडून झालेलं नाव. 'इऑन' म्हणजे व्हायोलेटचं रोप आणि 'आन्थोस' म्हणजे फूल. हा आन्थोस आपल्याकडच्या फुलबाजारातही सापडतो. शेवंतीच्या शास्त्रीय नावात, क्रिसॅन्थेममात, तो आहे आणि निशिगंधाच्या पॉलिअँथेसमध्येही. 'इऑन'चा माग काढला तर मिठाच्या पाकिटापर्यंत पोचतो. 1811 साली समुद्री शेवाळाच्या राखेतून एक नवं मूलद्रव्य हाती लागलं, त्याची वाफ व्हायोलेटसारखी जांभळी होती, म्हणून त्याचं नाव आयोडीन पडलं.

झॅन्थीत मात्र फूल नाही. यमकामुळे तिलाही 'पिवळं फूल' असा अर्थ चिकटवायचा मोह होतो, तो टाळावा. मूळ शब्द 'क्सान्थोस', म्हणजे पिवळा, सोनेरी, विशेषतः केसांच्या बाबतीत पिंगट. ग्रीक महाकवी होमरच्या काव्यात मेनेलाउस राजाला हेच विशेषण आहे. त्याच काव्यातला वीर अकिलीस, त्याच्या घोड्याचं नावही क्सान्थोस. हेरा देवीने त्याला क्षणभर वाचा दिली आणि त्याने धन्याला त्याचं मरण जवळ आल्याचं सांगितलं. सॉक्रेटिसच्या बायकोचं नाव क्सान्थिपी, म्हणजे शब्दशः 'पिवळी घोडी'. कजाग म्हणून तिची जी बदनामी झाली, ती अजून पुसलेली नाही.

झॅन्थीचे आजचे नातेवाईक जरा त्रासदायक आहेत. आइस्क्रीमच्या डब्यावर 'झँथन गम' लिहिलेलं असतं, ते झँथोमोनास नावाच्या जिवाणूपासून बनतं. त्याची वाढ पिवळी दिसते म्हणून हे नाव. याच कुळातल्या दुसऱ्या एका जिवाणूमुळे डाळिंबावर तेल्या पडतो. सोलापूर-नाशिककडच्या बागायतदाराला झॅन्थीचा अर्थ सांगायला गेलात, तर तो काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

गोष्टींच्या बाबतीत मात्र सामना एकतर्फी आहे. ग्रीक पुराणात दोघीही ओकेआनोस या जलदेवाच्या लेकी, म्हणजे जलदेवता. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड म्हणतो की ओकेआनोसला तीन हजार मुली होत्या. त्यातल्या एकेचाळीस जणींची नावं हेसिअड देतो, आणि त्यांत दोघीही आहेत. झॅन्थीचं तिथे नाव येतं आणि संपतं. इयान्थी पुढे आणखी एकदा भेटते. देवकन्या पर्सेफोनी कुरणात मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो. त्या मैत्रिणींची नावं सांगताना पर्सेफोनी इयान्थीचं नाव घेते, आणि त्या कुरणात गुलाब, केशर यांच्याबरोबर व्हायोलेटही फुललेली होती. पुढे पर्सेफोनी पाताळात डाळिंबाचा दाणा खाते आणि दरवर्षी काही काळ तिथे राहायला बांधली जाते. म्हणजे डाळिंब दोन्हीकडे आहेच.

खरी गोष्ट रोमन कवी ओविडची आहे, आणि नाव निवडणाऱ्या कुणीही ती वाचावी. क्रीट बेटावरचा एक गरीब बाप गरोदर बायकोला सांगतो की मुलगी झाली तर तिला मारावं लागेल. मुलगीच होते. आई ती मुलगा असल्याचं सांगते. बाप आजोबांचं नाव ठेवतो, इफिस. आईला हायसं वाटतं, कारण हे नाव मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, म्हणजे निदान नावात तरी खोटं बोलावं लागत नाही. इफिस मोठी होते आणि तिचं लग्न इयान्थीशी ठरतं. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, पण खरं काय ते इयान्थीला माहीत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आई इसिस देवीच्या पायाशी जाते, आणि देवळातून बाहेर पडताना इफिसची पावलं लांब पडू लागतात, ती पुरुष झालेली असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीने नावाच्या लिंगावर एवढा विचार केला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे इंग्लंडातल्या कवींना या नावाने वेड लावलं. बायरनने एका दीर्घकाव्याची अर्पणकविता 'इयान्थीस' लिहिली. शेलीने 1813 साली एका काव्यातल्या झोपलेल्या तरुणीला हे नाव दिलं, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या स्वतःच्या मुलीलाही. झॅन्थीच्या वाट्याला असं काही आलं नाही. लघुग्रहांच्या यादीत मात्र दोघी आहेत, 98 क्रमांकाची इयान्थी 1868 ची आणि 411 क्रमांकाची झॅन्थी 1896 ची.

आता उच्चार, कारण नाव जन्मभर कुणीतरी हाका मारायचं असतं. इंग्रजीत झॅन्थीचा सुरुवातीचा आवाज आपल्या 'झाड'मधल्या झचा आहे. मराठी तोंडाला तो उपजत येतो, त्यासाठी अक्षराखाली टिंब द्यावं लागत नाही. ग्रीक मंडळी मात्र 'क्सान्थी' म्हणतात, आणि डोंबिवलीच्या आजीच्या तोंडी त्याचं 'क्षांती' होणार हे सांगायला ज्योतिषी नको. क्षांती म्हणजे सहनशीलता, क्षमा. हा चांगला संस्कृत शब्द आहे, बौद्धांच्या पारमितांमध्येही येतो. ग्रीक नावाशी त्याचा काही संबंध नाही, पण दोन घरांत दोन चांगले अर्थ मिळत असतील तर तक्रार कशाला?

इयान्थी ग्रीकमध्ये सरळ 'इयान्थी'च. इंग्रजीत 'आयॅन्थी'. लेखी मात्र हे नाव दगा देतं. इंग्रजीत पहिलं अक्षर मोठा आय. बऱ्याच फाँटांमध्ये मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसतात, त्यामुळे दवाखान्यात 'लॅन्थी' अशी हाक येऊ शकते.

ग्रीसमध्ये झॅन्थी ऐकल्यावर लोकांच्या मनात काय येतं, हाही प्रश्न आहे. तिकडे उत्तरेला थ्रेसमध्ये याच नावाचं शहर आहे, 'क्सा'वर जोर देऊन म्हणतात. बाईचं नाव म्हणताना जोर शेवटी जातो, आणि मग ते थेट रोजच्या बोलण्यातलं 'सोनेरी केसांची' हे विशेषण होतं. बहिणीच्या मुलीचे केस बहुधा काळेभोर असतील. पण हे आपल्याला नवीन नाही. प्रत्येक वर्गात एक सावळी गौरी असते आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या ते लक्षातही राहत नाही. अर्थाने पाहिलं तर आपली पिंगला झॅन्थीच्या सर्वांत जवळची, पण पिंगळा म्हटलं की मराठी माणसाला घुबड आठवतं.

दुर्मीळ म्हणाल तर दोन्ही दुर्मीळ आहेत, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. ग्रीसमध्ये नातवंडाला आजी-आजोबांचं नाव द्यायची रीत आहे, म्हणून मारिया, एलेनी, कातेरिना पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. त्या रांगेत क्सान्थी अधूनमधून दिसते. 2020 साली ऑलिम्पियात टोकियो ऑलिम्पिकसाठी ज्योत पेटवणाऱ्या प्रमुख पुजारिणीची भूमिका करणारी अभिनेत्री क्सान्थी येओर्यिऊच होती. इंग्लंडात झॅन्थी थोडीफार ऐकू येते. अमेरिकेत दोन्ही नावं पहिल्या हजारांच्या आसपासही नसतात. इंटरनेटवर लोकप्रियतेचे आलेख पाहताना एक ध्यानात ठेवावं. अमेरिकेची सरकारी यादी वर्षाला पाचापेक्षा कमी वेळा ठेवलेलं नाव छापतच नाही, आणि इंग्लंड-वेल्सची तीनापेक्षा कमी असलेलं. आलेखात शून्य दिसलं म्हणजे त्या वर्षी कुणीच ते नाव ठेवलं नाही, असा अर्थ होत नाही.

माझं मत? सासरी कुणी आजी क्सान्थी असेल तर प्रश्नच मिटला, तिचंच नाव ठेवावं, घर खूश होईल. नसेल तर मी इयान्थीच्या बाजूने. झॅन्थी उच्चाराला सोपी, आणि इंग्रजी शाळेत एक्सने सुरू होणारं नाव कोणी विसरत नाही हेही खरं. पण तिच्याविषयी मुलीला रात्री सांगायला गोष्ट काय आहे? बोलणारा घोडा, तोही मरणाची बातमी देणारा. इयान्थीकडे कुरण आहे, व्हायोलेट आहेत, आणि मुलगी थोडी मोठी झाल्यावर इफिसही.

बहिणीला एवढंच कळवलं, "इयान्थी. फक्त फॉर्मवर नाव लिहिताना सगळी अक्षरं कॅपिटल ठेव."