एलएम३५८ ऑपॲम्प : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः साइन वेव्हमधल्या त्या खाचेविषयी

एलएम३५८ ची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. आठ पिनांत दोन ऑपॲम्प (दोन इनपुटांमधील फरक प्रचंड पटीने वाढवणारे ॲम्प्लिफायर), ३ ते ३२ व्होल्टपर्यंतचा एकेरी पुरवठा आणि ग्राउंडपर्यंत उतरणारे इनपुट, एवढे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. काही महिने हीच आयसी ब्रेडबोर्डवर सतत वापरल्यानंतर मी हे लिहीत आहे. त्यातील बराचसा भाग एकाच दोषाविषयी आहे, कारण प्रयोगपुस्तिकेत त्याचा उल्लेखही नसतो आणि विद्यार्थ्याचे कितीतरी तास त्याच्यामागे वाया जातात.

परिपथ अगदी साधा होता. ९ व्होल्टची बॅटरी, दोन समान रेझिस्टरांनी तयार केलेला ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू, १०० किलोओहम आणि १० किलोओहम यांच्या फीडबॅकने (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेण्याने) मिळणारा ११ चा गेन (११ पट वाढ), आणि आउटपुटवर कपॅसिटरमधून जोडलेला १० किलोओहमचा लोड. ५ किलोहर्ट्झच्या साइन वेव्हचे आउटपुट मध्यापासून २ व्होल्ट वर आणि २ व्होल्ट खाली जात होते. ऑसिलोस्कोपवर लहर सुरेख दिसत होती. मात्र उतरताना आणि चढताना ती एका ठरावीक जागी क्षणभर अडखळत होती आणि तेथे एक लहान पायरी उमटत होती. विशेष म्हणजे ही पायरी नेमकी मध्यावर नव्हती, मध्याच्या सुमारे अर्धा व्होल्ट खाली होती.

ज्या विक्रेत्याकडून हा प्रयोगसंच घेतला होता त्याच्या मदतकक्षाने आयसी सदोष असल्याचे सांगून दुसरी पाठवली. नव्या आयसीने तीच खाच, त्याच जागी दाखवली. त्यानंतर वायरिंग तपासण्याचा सल्ला आला, मग बॅटरी बदलण्याचा. जो दोष प्रत्येक आयसीमध्ये एकाच ठिकाणी दिसतो तो त्या एका तुकड्याचा असू शकत नाही, ही साधी गोष्ट प्रयोगसंच विकणाऱ्यांना माहीत असायला हवी, आणि ती त्यांना माहीत नसल्याचा मला मनापासून राग आला. वाया गेलेल्या आयसीपेक्षा वाया गेलेला वेळ अधिक महाग पडला.

संशयितांची यादी मोठी नव्हती. माझ्याकडच्या डेटाशीटमध्ये स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद दिलेला आहे, तर २ व्होल्ट शिखराच्या ५ किलोहर्ट्झ लहरीला जास्तीत जास्त ०.०६३ एवढाच लागतो. म्हणजे तो प्रश्न नव्हता. गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन आणि तो मिळू शकणारी कमाल वारंवारता यांचा गुणाकार) १ मेगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे ११ च्या गेनला सुमारे ९० किलोहर्ट्झपर्यंत जागा होती. आउटपुटची वरची मर्यादा पुरवठ्यापेक्षा सुमारे दीड व्होल्ट कमी, म्हणजे ७.५ व्होल्ट, आणि लहर ६.५ व्होल्टवरच वळत होती. उत्तर दोन निरीक्षणांतून मिळाले. लोड काढून टाकला की खाच नाहीशी होत असे, आणि लोड तसाच ठेवून सिग्नल पुरेसा लहान केला तरीही ती नाहीशी होत असे. दोष आउटपुटमधून वाहणाऱ्या प्रवाहाशी बांधलेला आहे, हे येथे स्पष्ट झाले.

एलएम३५८ च्या आउटपुटला वर खेचण्यासाठी एनपीएन ट्रान्झिस्टरांची डार्लिंग्टन जोडी (एकाने दुसऱ्याला चालवणारे दोन ट्रान्झिस्टर) आहे आणि खाली खेचण्यासाठी विरुद्ध प्रकारचा, म्हणजे पीएनपी, एक ट्रान्झिस्टर आहे. त्यांच्या जोडीला साधारण ५० मायक्रोॲम्पिअर प्रवाह ग्राउंडकडे ओढणारा एक लहान करंट सोर्स आहे. जोपर्यंत आउटपुटला बाहेरून येणारा प्रवाह ५० मायक्रोॲम्पिअरपेक्षा कमी असतो, तोपर्यंत हा करंट सोर्स एकटा काम भागवतो आणि वरची जोडी वाहती राहते. प्रवाह त्यापलीकडे गेला की वरची जोडी बंद पडते आणि पीएनपी चालू व्हावा लागतो. या दोन अवस्थांमध्ये आतल्या टप्प्याला जवळपास तीन बेस-एमिटर जंक्शनांइतके व्होल्टेज ओलांडावे लागते. ते ओलांडेपर्यंतचे काही मायक्रोसेकंद आउटपुटला कोणीच धरलेले नसते आणि फीडबॅकसुद्धा तेवढा वेळ हतबल असतो. खाचेची जागाही आता मोजता येते : १० किलोओहमच्या लोडमधून ५० मायक्रोॲम्पिअर वाहण्यासाठी मध्यापासून अर्धा व्होल्ट खाली यावे लागते. लोड १ किलोओहमचा असता तर हीच खाच मध्यापासून फक्त ५० मिलिव्होल्टवर दिसली असती. लोड काढल्यावर उरते ती फक्त फीडबॅकची ११० किलोओहमची साखळी. तिच्यातून २ व्होल्टला १८ मायक्रोॲम्पिअरच वाहतात, म्हणून तेव्हा खाच उमटत नाही.

उपाय एका रेझिस्टरचा आहे आणि तो डेटाशीटच्या वापरविषयक सूचनांमध्ये लिहिलेला आहे : लोड कपॅसिटरने जोडलेला असेल तर आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत एक रेझिस्टर लावावा, म्हणजे वरचे ट्रान्झिस्टर कधीच बंद पडत नाहीत. त्याचे मूल्य अंदाजाने निवडू नये. आउटपुट सर्वांत खाली, २.५ व्होल्टवर, असताना लोड आणि फीडबॅक मिळून सुमारे ०.२२ मिलिॲम्पिअर आउटपुटमध्ये ढकलतात. रेझिस्टरने त्या क्षणी त्याहून अधिक ओढले पाहिजे. १० किलोओहमचा रेझिस्टर २.५ व्होल्टला ०.२५ मिलिॲम्पिअर ओढतो. तो लावताच लहर अखंड झाली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दुसरी आयसी मागवावी लागणे हे खेदजनक आहे. प्रयोगपुस्तिका लिहिणाऱ्यांनी ही एक ओळ घातली तरी पुष्कळांचा त्रास वाचेल.

येथपर्यंत माझे मत असे झाले होते की ध्वनी किंवा कोणत्याही एसी सिग्नलसाठी ही आयसी शिकवण्यातून काढून टाकावी आणि ७४१ या जुन्या ऑपॲम्पवरच थांबावे. १९६८ मध्ये फेअरचाइल्डने आणलेल्या ७४१ च्या आउटपुटमधील दोन्ही ट्रान्झिस्टरांना थोडा कायमचा प्रवाह दिलेला असतो, त्यामुळे अशी पायरी त्याच्यात दिसत नाही. पण दोन्ही आयसी शेजारी ठेवून काम केल्यावर हे मत टिकले नाही. ७४१ चे आउटपुट कोणत्याही टोकाच्या अगदी जवळ जात नाही आणि त्याचे इनपुट ग्राउंडपर्यंत काम करत नाही, म्हणून त्याला व्यवहारात दुहेरी पुरवठा लागतो, म्हणजे दोन बॅटऱ्या. ३५८ चा रचनाकार एकाच बॅटरीवर, ग्राउंडपासून मोजणी करता यावी आणि प्रवाह अत्यल्प लागावा, यासाठी बचत करत होता. दोन्ही ऑपॲम्प मिळून लोडशिवाय अर्ध्या ते एक मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेतात. ती बचत जिथून आली, तिथेच ही खाच आहे. त्याची किंमतही लक्षात ठेवावी : मी लावलेला १० किलोओहमचा रेझिस्टर सरासरी ०.४५ मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे जवळजवळ संपूर्ण आयसीइतका. बॅटरीवर दीर्घकाळ चालणाऱ्या मोजमापाच्या परिपथात, जिथे लोड थेट ग्राउंडकडे आहे, तिथे हा रेझिस्टर लावू नये. तिथे खाच उमटतच नाही.

या आयसीमुळे दोष शोधण्याची जी पद्धत मनात पक्की झाली तिच्याविषयी लिहिणे मला सर्वांत आवश्यक वाटते. मल्टिमीटरचे टोक ब्रेडबोर्डच्या छिद्रात न घालता थेट आयसीच्या पायावर ठेवावे, कारण आयसीखाली दुमडलेला पाय केवळ अशानेच सापडतो. प्रथम पिन ८ आणि पिन ४ यांमधील पुरवठा पाहावा. अनेक ब्रेडबोर्डांवरील पुरवठ्याच्या पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात आणि अर्धा बोर्ड वीजहीन राहतो. त्यानंतर दोन्ही इनपुटांचे व्होल्टेज ग्राउंडपासून वेगवेगळे मोजावे. निगेटिव्ह फीडबॅक काम करत असेल आणि आउटपुट टोकाला चिकटलेले नसेल, तर दोघांत ऑफसेटपेक्षा (आयसीतील अंगभूत लहान फरकापेक्षा) अधिक फरक नसावा. ३५८ मध्ये तो कमाल ७ मिलिव्होल्ट असतो. फरक मोठा असेल तर त्याचे चिन्ह पाहावे. नॉन-इन्व्हर्टिंग (धन) इनपुट अधिक आहे आणि आउटपुट वरच्या टोकाला गेलेले आहे, तर आयसी तिचे काम चोख करत आहे आणि फीडबॅकची वाट बाहेर कुठेतरी तुटलेली आहे. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट अधिक असूनही आउटपुट खाली बसलेले असेल, तर आउटपुटला बाहेरून कोणी दाबून ठेवले आहे काय ते पाहावे, आणि तसे नसेल तरच आयसी बदलावी. ही एक तपासणी माहीत असेल तर चांगल्या आयसी टाकून देण्याची सवय सुटते. मोजताना एवढे ध्यानात ठेवावे की नेहमीच्या मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असतो, म्हणून १ मेगाओहमच्या रेझिस्टरांच्या जोडबिंदूवर तो वाचन खाली ओढतो. इन्व्हर्टिंग (ऋण) इनपुटवर ऑसिलोस्कोपचा गुणिले १ वर ठेवलेला प्रोब लावणे तर टाळावेच. त्याची धारकता फीडबॅकच्या लूपच्या स्थिरतेला बाधा आणते.

एक लक्षण मी वेगळे नोंदवतो, कारण ते फसवे आहे. परिपथ सुरू केल्यावर काही क्षण उत्तम चालतो आणि मग आउटपुट हळूहळू वर सरकून तेथेच थांबते. कारण बहुतेक वेळा असे असते की नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला सिग्नल कपॅसिटरमधून दिलेला आहे, पण त्या पिनपासून मध्यबिंदूपर्यंत डीसी वाटच ठेवलेली नाही. ३५८ चे इनपुट पीएनपी असल्यामुळे सुमारे ४५ नॅनोॲम्पिअरचा बायस प्रवाह, म्हणजे इनपुटला लागणारा लहानसा प्रवाह, पिनमधून बाहेर पडतो आणि कपॅसिटर भरत राहतो, ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर सेकंदाला ०.४५ व्होल्ट. «इनपुटमध्ये प्रवाह जात नाही» हा नियम पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा दोष केवळ आकृतीकडे पाहून सापडत नाही. १०० किलोओहमचा एक रेझिस्टर मध्यबिंदूकडे जोडला की प्रश्न मिटतो, आणि त्याच्यावर पडणारे साडेचार मिलिव्होल्ट सहसा चालून जातात.

५ व्होल्टवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. मध्यबिंदू अडीच व्होल्टवर ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण आउटपुट साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही. मग वरच्या बाजूला एकच व्होल्ट उरतो आणि लहरीचे डोके खूप आधी कापले जाते. मध्यबिंदू १.७५ व्होल्टच्या आसपास घेतला तर त्याच पुरवठ्यात वर-खाली सारखी जागा मिळते.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. फॉलोअर म्हणून (आउटपुट थेट इन्व्हर्टिंग इनपुटला) जोडल्यावर आउटपुटवर थेट लावलेला ५० पिकोफॅरडच्या पलीकडचा कपॅसिटर धोक्याचा असतो; लांब शिल्डेड वायरसुद्धा तेवढी धारकता सहज आणते, म्हणून मध्ये १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालावा. इनपुट ग्राउंडच्या खाली ०.३ व्होल्टपेक्षा अधिक गेले तर आउटपुट अचानक वर उडी मारू शकते, आणि हा दोष एकेरी पुरवठ्यावर थेट एसी सिग्नल देणाऱ्यांना हमखास भेटतो. पुरवठा उलटा जोडल्यास आयसी सहसा वाचत नाही. पिन ८ आणि पिन ४ यांच्यात अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावणे मी कधीही टाळत नाही. तसेच खोक्यातून आयसी उचलताना तिच्यावरील क्रमांक भिंगातून वाचावा : एलएम३९३ या कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजांची तुलना करणाऱ्या आयसीच्या) पिनांचा क्रम ३५८ सारखाच आहे, पण त्याचे आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त खाली खेचू शकणारे) असल्यामुळे ॲम्प्लिफायरच्या जागी ते स्वतःहून वर चढतच नाही. ७४१ मात्र आठ पिनांचे असूनही त्याचे आउटपुट पिन ६ वर आणि धन पुरवठा पिन ७ वर असतो. म्हणून एकाची आकृती दुसऱ्याला चालत नाही.

दोनपैकी एकच ऑपॲम्प वापरायचा असेल तर दुसरा मोकळा सोडू नये. त्याचे पिन ६ आणि ७ एकमेकांना जोडावेत आणि पिन ५ मध्यबिंदूला द्यावी. मोकळ्या इनपुटांवर तो अर्धा भाग टोकापासून टोकापर्यंत हेलकावत राहतो आणि त्याचा गोंगाट पुरवठ्याच्या वाटेने शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर दिसू लागतो.