बांगड्याची चिप: टोचणी उत्तम, नोंदणी शून्य

आमच्या कुत्र्याचे नाव बांगडा. पाठीवरचे निळसर काळे पट्टे पाहून नातवाने ते ठेवले आणि आता सारी वाडी त्याला त्याच नावाने हाक मारते. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका खासगी पशुचिकित्सालयात आम्ही त्याला ओळखीची मायक्रोचिप बसवून घेतली. चिप, टोचणावळ, प्रमाणपत्र आणि ‘ऑनलाइन नोंदणी’ यांचे मिळून अकराशे रुपये झाले, आणि पावतीवर या चारही गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या आहेत. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नंतर ओळखीच्या तीन-चार घरांत चौकशी केली तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी चिप बसवलेल्या त्यांच्या कुत्र्यांचीही गत बांगड्यासारखीच निघाली.

आधी चांगले सांगते. डॉक्टरांनी सुई उचलण्यापूर्वी बांगड्याच्या अंगावरून स्कॅनर फिरवून आधीची चिप नाही ना, हे पाहिले. मग बंद पाकिटातील चिप स्कॅनरवर वाचून तिचा क्रमांक स्टिकरशी ताडला. टोचल्यावर पुन्हा एकदा वाचून दाखवला. हे तीन वेळा वाचणे म्हणजे या कामातील शिस्त आहे आणि ती त्यांनी पाळली. सुई मात्र पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी असते, कारण ती नेहमीच्या लसीच्या सुईच्या कितीतरी पट जाड, जवळजवळ गोणपाट शिवण्याच्या दाभणाएवढी दिसते. बांगड्याने एकदा मान वळवून पाहिले आणि पुन्हा टेबलावरच्या बिस्किटाकडे तोंड केले. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते असे सगळीकडे सांगतात, पण हातात घेऊन पाहिली तर ती साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, म्हणजे उकड्या तांदळाचे दोन दाणे टोकाला टोक लावून ठेवावेत एवढी भरते.

ही काचेची नळी आतून काय करते, याविषयी आमच्याकडे बराच गैरसमज आहे. चिप बसवून आणल्याचे कळताच शेजारच्या दोघांनी ‘आता मोबाइलवर कुत्रा कुठे आहे ते दिसेल’ असे मला बजावले होते. तसे काहीही दिसत नाही. चिपमध्ये बॅटरी नसते आणि उपग्रहाशी तिचा संबंध नसतो. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प बसते. तोही चार बोटांवरून, फार तर वीतभर अंतरावरून. आज चालणाऱ्या बहुतेक चिपा आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे १३४.२ किलोहर्ट्झवर काम करतात आणि त्यांचा क्रमांक पंधरा अंकी असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे असू शकतात, भारताचे ३५६ आहेत; पण ९०० च्या घरातील अंक असतील तर ते चिप बनवणाऱ्या कंपनीचे समजायचे. बांगड्याचा क्रमांक ९ ने सुरू होतो, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून तो कोकणातला आहे की कोपनहेगनचा, हे कोणालाही कळणार नाही. नाव, पत्ता आणि फोन त्या नळीत नसतात. ते कुठेतरी बाहेर, कोणाच्या तरी वहीत किंवा संगणकात असावे लागतात. अकराशे रुपयांतला खरा माल तो असतो, हे मला तेव्हा उमजले नव्हते.

उमजले ते मागच्या गावपळणीत. सिंधुदुर्गातील आचऱ्याची गावपळण पुष्कळांनी ऐकलेली असेल: रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या आणि कुत्री घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर मुक्काम हलवतो. आम्हीही माडाच्या झापांची झोपडी उभारून राहिलो होतो. अनोळखी जागा, आजूबाजूला दुसऱ्या वाड्यांची कुत्री आणि रात्रभर भजने, यांत बांगडा बिथरला आणि दुसऱ्या रात्री गळपट्ट्यातून मान काढून निघून गेला. गळपट्टा दोरीला तसाच अडकलेला सकाळी सापडला. त्यावर बाजारात भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून कोरून आणलेला पितळेचा बिल्ला होता, फोन नंबरासकट. म्हणजे ज्या गोष्टीवर माझा खरा भरवसा होता ती माझ्या हातात आणि कुत्रा बेपत्ता, अशी अवस्था झाली. गावात जाऊन पाहावे तर गाव रिकामे ठेवायचे, आणि कुत्रा घरी गेलाच असेल तर त्याला दार उघडणारे तिथे कोणी नाही.

सहाव्या दिवशी तो खाडीपलीकडे, देवगड तालुक्यातील एका हापूसच्या बागेत सापडला. राखणदाराने त्याला भाकरी घातली आणि तो लंगडतो आहे असे पाहून बागवाल्याने त्याला जवळच्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांच्याकडे स्कॅनर होता. आमच्या भागात हीच मुळात नशिबाची गोष्ट आहे, आणि स्कॅनर नसेल तर अंगात चिप असून नसून सारखीच.

पण पहिल्या खेपेला स्कॅनरने काहीच दाखवले नाही. नंतर डॉक्टरसाहेबांनी स्वतःच मला सांगितले की कुत्रा स्टीलच्या टेबलावर उभा होता आणि त्यांनी फक्त खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधल्या, म्हणजे चिप टोचतात त्या जागेवर स्कॅनर धरला होता. धातूचे टेबल, गळ्यातली साखळी आणि जवळ चालू असलेला संगणक, या तिन्हींमुळे वाचनात अडथळा येऊ शकतो. शिवाय टोचलेली चिप तिथेच राहते असे नाही. भोवती ऊतक धरेपर्यंत ती त्वचेखालच्या सैल भागात सरकू शकते आणि खांद्यावर, छातीकडे किंवा पार कोपरापर्यंत उतरू शकते. काही कंपन्या ती सरकू नये म्हणून नळीच्या टोकाला वेगळे आवरण देतात ते याचसाठी. बागवाला कुत्र्याला घेऊन निघालाच होता, इतक्यात डॉक्टरांनी त्याला ओसरीवर लाकडी बाकाजवळ उभे केले आणि स्कॅनर अंगालगत धरून डोक्यापासून शेपटीकडे, डावीउजवीकडे वळसे घेत सावकाश फिरवला. डाव्या कोपराच्या जरा वर तो वाजला. चिप जिवंत होती, फक्त जागा बदलून बसली होती. या दोषाबद्दल मी टोचणाऱ्या दवाखान्याला बोल लावत नाही, कारण सरकणे हे त्यांच्या हातात पूर्णपणे नसते. पण दरवर्षी रेबीजच्या लसीला जातो तेव्हा एकदा चिप वाचून ती कुठे आहे हे पाहणे त्यांच्या हातात होते, आणि दोन वर्षांत ते एकदाही झाले नाही.

पुढचा प्रकार मात्र पूर्णपणे त्यांच्या पदरात जातो. देवगडकडच्या डॉक्टरांनी तो पंधरा अंकी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर ‘या क्रमांकाची नोंद नाही’ असे उत्तर आले. मग त्यांनी स्कॅनरच्या पडद्याचा आणि कुत्र्याचा फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत आमच्या वाडीत आला आणि शेजारचा मुलगा धावत येऊन म्हणाला, “काकी, ह्यो तुमचोच बांगडो मां?” त्याच संध्याकाळी खाडीपलीकडच्या एका कुटुंबानेही हा आपलाच हरवलेला कुत्रा असल्याचे कळवले. त्यांचा कुत्राही पट्ट्यांचा होता आणि ते खोटे बोलत नव्हते. डॉक्टरांनी योग्य तेच केले. दोघांनाही क्रमांक आणा म्हणून सांगितले.

मी प्रमाणपत्र काढले. त्यावर हाताने लिहिलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४७१८ होते आणि स्कॅनरवर ४७८१. पंधरापैकी तेरा अंक जुळतात आणि दोनांची अदलाबदल झालेली आहे, हे डोळ्यांना दिसत असूनही परक्याच्या दारात ‘लिहिणाऱ्याची चूक असणार’ असे म्हणण्याला काय किंमत असते? सुदैवाने लसीकरणाच्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर मदतनिसाने चिपच्या पाकिटातील बारकोडचा छोटा स्टिकर चिकटवला होता. पुस्तिका दमटपणाने फुगली होती, स्टिकरचा एक कोपरा सुटला होता, पण अंक छापील होते आणि ते स्कॅनरशी तंतोतंत जुळले. बांगडा घरी आला तो त्या बोटभर कागदाच्या जोरावर. माझ्या पैशांतून ज्या नोंदणीचे पैसे घेतले होते, तिचा यात तिळमात्र वाटा नव्हता.

नोंदणीचा पाठपुरावा केला तेव्हा जे कळले ते ऐकण्यासारखे आहे. दवाखान्यातून पहिल्यांदा सांगण्यात आले की नोंदणी झालेली आहे. क्रमांक दिल्यावर सांगण्यात आले की ती कंपनी करते. कंपनीला फोन केला तर त्यांनी त्या क्रमांकाची चिप परराज्यातील एका वितरकाला विकल्याचे सांगितले. पुढे ती कोणत्या दवाखान्यात गेली आणि कोणत्या जनावराला टोचली, याची माहिती त्यांच्याकडे नव्हती. पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अहो ताई, ती नोंदणी मालकानेच करायची असते.” मी पावती पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, डॉक्टर बाहेरगावी असल्याचे सांगितले आणि वही पाहतो म्हणाले. वहीत बांगड्याचे नाव, तारीख आणि माझा फोन नंबर होता, पण चिपच्या क्रमांकाचा रकानाच नव्हता. म्हणजे देवगडच्या डॉक्टरांनी त्यांना फोन केला असता तरी त्यांना काही सांगता आले नसते.

चिपचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. २००९ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात प्राणी-निवाऱ्यांत आलेली भटकी कुत्री एरवी २२ टक्क्यांच्या आसपास मालकांकडे परत जात होती, तर चिप असलेली सुमारे ५२ टक्के. मांजरांत हा फरक जेमतेम २ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांपर्यंत होता. चिप असूनही जी परत गेली नाहीत, त्यांच्या बाबतीत बहुधा जुना किंवा चुकीचा फोन नंबर, नाहीतर न झालेली नोंदणी आडवी आली होती. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे, आणि तिथला कायदा नोंदीतील नाव-पत्ता ताजा ठेवण्याचीही सक्ती करतो. उलट अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला नोंदणी करणारी एक कंपनीच अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नोंदवलेल्या जनावरांच्या चिपा अंगात शाबूत असून मागे वाली उरला नाही. पुण्या-मुंबईहून पिल्लू विकत आणणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे, कारण पैदास करणाऱ्याने चिप बसवलेली असली तरी नोंद त्याच्याच नावावर राहिलेली असू शकते.

आमच्या गोठ्यातल्या गायीच्या कानाला सरकारी पिवळा बिल्ला आहे. त्यावरचा बारा अंकी क्रमांक कोणीही उभ्या उभ्या वाचू शकतो, आणि पशुधन पर्यवेक्षक येतात तेव्हा तोच मोबाइलमध्ये घालून तिच्या लसी आणि रेतनाची नोंद करतात. कुत्र्याच्या कानाला असला बिल्ला लावावा असे मी सुचवत नाही, पण क्रमांक आणि नोंद एकाच वेळी एकाच माणसाच्या हातून झाली की काम कसे चोख होते, हे गोठ्यात रोज दिसते.

तेव्हा या सेवेला पाचपैकी दोन तारे देते. ते दोन्ही टोचण्याचे आहेत. कोणाला चिप बसवून घ्यायची असेल तर पैसे देण्यापूर्वी काउंटरसमोरच संकेतस्थळ उघडायला लावून स्वतःचे नाव आणि फोन त्यात चढलेला पाहावा. फोन स्वतःचा आणि गावात राहणाऱ्या आणखी एकाचा, असे दोन द्यावेत. आणि प्रमाणपत्रावर हाताने क्रमांक लिहू न देता स्टिकरच मागून घ्यावा, पाकिटात ते बहुधा एकाहून जास्त असतात. कुत्र्याला परदेशी न्यायचे असेल तर आधी चिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम सांभाळावा. युरोपात चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत.

बांगड्याची नोंदणी शेवटी माझ्या मुलाने मोबाइलवरून केली. त्याला दहा मिनिटे लागली, वेगळे पैसे पडले नाहीत. प्रमाणपत्रातील अंक दुरुस्त करून देण्यासाठी दवाखान्याला तीनदा फोन झाला आहे, ‘या एकदा’ असे तिन्ही वेळा सांगितले गेले आणि कागदावर आजही ४७१८ च आहे. पुस्तिकेतल्या स्टिकरवर मी पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे आणि पुस्तिका रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.