रांची ते उलिहातू, एक दिवसाची गाडी आणि सोबत गाईड : माझा अनुभव

रांचीला गेलो होतो तर एका लोकल सर्व्हिसकडून गाडी आणि गाईड घेतला. गाडी पाऊण तास उशिरा आली, एसी पण चालत नव्हता, त्याचे मार्क कापणारच. पण गाईड दादा स्वतः मुंडा समाजातले, आणि त्यांच्यासाठी मी सगळं माफ केलं!!

आधी जुन्या जेलमधलं बिरसा मुंडा (इंग्रजांविरुद्ध लढलेले मुंडा आदिवासींचे नेते) म्युझियम बघितलं. 9 जून 1900 ला बिरसा याच जेलमध्ये वारले, वय किती तर फक्त 24, इंग्रज म्हणाले कॉलरा, लोक आजही म्हणतात विष दिलं. कोठडीच्या दारात उभं राहिलो आणि खरंच घशात आवंढा आला.

मग खुंटीमार्गे उलिहातू, म्हणजे बिरसांचं जन्मगाव, तिथून डोंबारी बुरू ही टेकडी. वाटेत एका गावाबाहेर दादांनी गाडी थांबवून ससनदिरी दाखवली, म्हणजे पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या मोठ्या सपाट शिळा. ते म्हणाले, ज्याच्या पूर्वजांच्या शिळा इथे त्याची जमीन, हाच आमचा सातबारा. इंग्रजांच्या कायद्याला तो कळलाच नाही, खुंटकट्टीची, म्हणजे पूर्वजांनी जंगल साफ करून तयार केलेली सामाईक जमीन जमीनदार-ठेकेदारांच्या घशात गेली, वर वेठबिगारी, आणि त्यातूनच 1899 चा उलगुलान, म्हणजे बिरसांच्या नेतृत्वाखालचं मोठं बंड, पेटला. जानेवारी 1900 मध्ये डोंबारीवर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला त्यात बायका-पोरंही होती. तिथे दादा बराच वेळ काही बोललेच नाहीत. 1908 चा छोटानागपूर टेनन्सी कायदा, आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये म्हणूनचा, तो या लोकांच्या रक्तातून आलाय.

परतताना गरमागरम धुस्का खाल्ला, मस्त. गाडीला 2 स्टार, दादांना 5. पाण्याच्या बाटल्या सोबत न्या.