सरकारी पैसा छपरावर की भिंतीत?

घराची वीज वाचवायला सरकारी पैसा दोन वाटांनी येतो. एक पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी 2024 पासूनची: छपरावरच्या 3 किलोवॅटच्या सौर पॅनेलला 78,000 रुपये अनुदान, थेट बँक खात्यात. बिल लगेच उतरतं. यावर फार बोलायला नको.

दुसरी वाट संशोधनाची, म्हणून ती छपरावर दिसत नाही. 2012 मध्ये भारत आणि अमेरिकेच्या सरकारांनी इमारतींच्या ऊर्जाबचतीवरच्या संयुक्त केंद्राला पैसे दिले. इकडून नेतृत्व अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाकडे होतं. 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा आहे. असे आकडे मोजमापाशिवाय ठरत नाहीत.

पॅनेलमुळे पंखा फुकट फिरेल, पण एप्रिलात तापलेल्या भिंती रात्रीही धग सोडतातच. शिवाय सांगलीचं दुखणं वेगळं: 2019 आणि 2021 चे पूर. भिंतीतला उष्णतारोधक थर पाण्यात बुडून वाळल्यावर कितपत कामाचा राहतो, हे अहमदाबादेत कशाला कोण बघेल? ते कृष्णाकाठीच तपासायला हवं, आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय तर सांगलीच्या विश्रामबागेतच आहे. संशोधनाचा पैसा इकडे वळावा असं माझं ठाम मत. शेजाऱ्यानं विचारलं, तर मात्र आज पॅनेलच बसवा म्हणेन.